दोन दिवसांचे पाहुणे

आठवड्याच्या अखेरीस मुंबई आणि पुणें येथील रेल्वे स्थानकांवर पाठीवर फुगलेल्या पिशव्या आणि पायांत जाड तळाचे बूट अशा वेषांतली मंडळी दिसूं लागली, म्हणजे ती डोंगराकडे निघाली आहे हें आतां कोणास सांगावें लागत नाहीं. दहा-बारा जणांचा मेळा असतो. त्यांत एखादा बँकेंतला कारकून असतो, दोघी-तिघी महाविद्यालयांतल्या मुली असतात, एखादे निवृत्त शिक्षकहि असतात. सोमवारीं सकाळीं प्रत्येकाला आपापल्या कामावर हजर व्हावयाचें असतें. तेव्हां रान, किल्ला, मुक्काम आणि परतीचा प्रवास हें सर्व दोन दिवसांत बसवावें लागतें. अशा सहलींचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. धुकें, धबधबे आणि सूर्योदय यांचें कौतुक त्यांत भरपूर असतें. पण सहलीच्या दुसऱ्या टोकाला जें गांव असतें, त्याच्या अंगणांतून ही दोन दिवसांची भेट कशी दिसत असेल, याचा विचार क्वचितच होतो. तो करावयाचा तर एखादी प्रत्यक्ष वाट डोळ्यांपुढें ठेवावी हें बरें. आणि त्या कामीं राजमाचीच्या वाटेइतकी सोयीची वाट सह्याद्रींत दुसरी सांपडणें कठीण.

राजमाची हा जोडकिल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले. दोहोंमधल्या खिंडींत भैरवनाथाचें मंदिर. आणि पायथ्याशीं उधेवाडी नांवाची लहानशी वस्ती. मुलूख पुणें जिल्ह्यांतील मावळ तालुक्याचा. पण कड्यावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें कीं खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. वर जाण्यास दोन वाटा आहेत. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून येणारी वाट सुमारें 15 किलोमीटर लांबीची, पण बहुतांशीं माथ्यामाथ्यानें जाणारी आहे. दुसरी कर्जतच्या बाजूस कोंदिवडे गांवाहून निघते. ती अंतरानें थोडी, पण अंगावर येणाऱ्या चढाची आहे. जाणती मंडळी शनिवारीं कोंदिवड्याहून चढते, रात्रीं उधेवाडींत राहते आणि रविवारीं लोणावळ्याची वाट धरते.

कोंदिवडें मागें पडल्यावर रानांत शिरणारी पायवाट कोंडाणें येथील लेण्यांपाशीं येते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खोदलेलें हें बौद्ध चैत्यगृह आणि त्याशेजारचे विहार पाहून नवखा प्रवासी थबकतो. लांकडी बांधकामाची हुबेहुब नक्कल कातळांत उतरविलेली आहे. दर्शनी भागाशीं यक्षाचें एक भग्न शिर असून त्याजवळ ब्राह्मी लिपींत कोरलेला लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच त्याचा आशय. कोंकणांतल्या कल्याण आणि सोपारा या बंदरांवरून देशाकडे जाणाऱ्या घाटवाटांच्या कडेनें अशीं लेणीं जागोजाग आहेत. व्यापाऱ्यांचे तांडे आणि भिक्षूंचे संघ या वाटांनीं वर-खालीं करीत. तेव्हां या डोंगरांत परके लोक येणें हें कांहीं आजचें नव्हे. पावसाचे महिने भिक्षु एका जागीं राहून काढीत, आणि भिक्षेच्या अन्नावर त्यांचा निर्वाह चाले. लेणें कोरणाऱ्याचें नांव दगडावर राहिलें; ज्या घरांनीं त्या पात्रांत घांसभर अन्न घातलें, त्यांचें नांव कोठेंच राहिलें नाहीं. पाहुण्याची आठवण टिकते आणि यजमानाची पुसली जाते, हा प्रकार असा बराच जुना आहे.

लेणीं सोडलीं कीं खरा चढ लागतो. कोंकणच्या सखल भागापासून उधेवाडीपर्यंत दीड हजार फुटांहून अधिक चढावें लागतें, आणि तेंहि थोड्या अंतरांत. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें 1892 मध्यें डोंगरांतल्या चालीचा एक हिशोब मांडून ठेवला आहे : दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. हिशोब उत्तम आहे. पण तो धडधाकट, सरावाच्या माणसाचा. दहा-बारा जणांच्या मेळ्याचा वेग म्हणजे त्यांतल्या सर्वांत मंद माणसाचा वेग होय, ही गोष्ट पहिल्या तासाभरांतच सर्वांस कळते. म्हणून चांगल्या मेळ्यांत वाट जाणणारा एकजण पुढें असतो, तितकाच जाणता दुसरा सर्वांच्या मागें असतो, आणि प्रत्येक विसाव्याला डोकीं मोजलीं जातात. ज्याला धाप लागली असेल त्याच्या पाठीवरचें ओझें न बोलतां दुसऱ्याच्या पाठीवर जातें. शहरांत ज्यांची केवळ तोंडओळख असते अशीं माणसें येथें दोन तासांत एकमेकांचीं होतात, तीं अशीं.

अशा वेळीं वरून एखादी बाई उतरतांना भेटते. पायांत साध्या वहाणा, डोक्यावर पाटी, पाटींत करवंदें किंवा रानभाजी. घामाघूम झालेल्या मंडळीकडे पाहून ती हसते, "आलंच आता गांव, एवढं वळण गेलं की" असा धीर देते, आणि एकदांहि न थांबतां खालीं जाते. तें "एवढं वळण" पुढें चांगलें तासभर पुरतें. तिनें थट्टा केलेली नसते. तिच्या पायांच्या मापानें तें खरोखरच एवढेंसें असतें. येथें एक शब्द नीट पाहण्यासारखा आहे. वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत अशा गांवांना "दुर्गम" म्हणतात. जेथें जाणें कठीण तें दुर्गम. "दुर्ग" हा शब्दहि त्याच मुळापासून आलेला; जेथें शत्रूला जातां येत नाहीं तो दुर्ग. एकच गुण किल्ल्याच्या नांवापुढें लागला कीं भूषण होतो आणि गांवापुढें लागला कीं अडचण होते. राजमाचीची सारी कथा या दोन शब्दांत सांठवलेली आहे.

शिवाजी महाराजांनीं 1657 मध्यें कल्याण-भिवंडी घेतली, त्याच मोहिमेच्या ओघांत या बाजूचे किल्ले स्वराज्यांत आले. राजमाची त्यांपैकीं एक. शाहू महाराजांच्या काळीं 1713 मध्यें कान्होजी आंग्रे घाट चढून आले तेव्हां लोहगडाबरोबर राजमाचीहि त्यांनीं घेतली. पानिपतावर 1761 मध्यें पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच आहोंत असें सांगणारा जो तोतया पुढें निघाला, त्याच्याहि ताब्यांत 1776 मध्यें हा किल्ला कांहीं काळ होता. शेवटीं 1818 मध्यें तो इंग्रजांकडे गेला. इतक्या लोकांना या दोन शिखरांचा मोह पडला, कारण येथून बोरघाटावर नजर राहते. पण किल्ला केवळ तटांनीं उभा राहत नाहीं. किल्ल्याच्या सभोंवारच्या टापूला घेरा म्हणत. घेऱ्यांतल्या माणसांनीं वाटा राखावयाच्या, सरपण आणि गवत पुरवावयाचें, परका माणूस दिसला तर वर वर्दी द्यावयाची, आणि त्या चाकरीबद्दल जमिनी कसून खावयाच्या, अशी ती व्यवस्था होती. गडाची दुर्गमता हेंच त्या माणसांचें पोट होतें.

1818 नंतर गडाला चाकरीचीं माणसें नकोशीं झालीं. पुढें 1863 मध्यें बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली. दर 37 फुटांस एक फूट अशा चढानें सुमारें 1,831 फूट वर चढणारा हा लोहमार्ग त्या काळीं मोठें आश्चर्य मानला गेला. उल्हास नदीचें खोरें मध्यें टाकून राजमाचीचीं शिखरें त्या आगगाडींतून स्पष्ट दिसतात; आजहि खिडकीशीं बसलेले प्रवासी बोट करून तीं एकमेकांना दाखवितात. मुंबई आणि पुणें यांच्यामधलें अंतर असें तासांवर आलें. खोऱ्याच्या या बाजूला मात्र अंतर होतें तेवढेंच राहिलें. दुर्गाचें काम संपलें, आणि दुर्गमता तेवढी गांवाच्या वांट्यास उरली.

ही उरलेली दुर्गमता म्हणजे काय, हें अशा गांवांत एक रात्र राहिल्यानें थोडेंफार कळतें. मंडळी पोचते तेव्हां सूर्य कलंडलेला असतो. अंगण सारवलेलें असतें; घोंगडी अंथरली जाते; तांब्याभर पाणी पुढें येतें. घरधन्याला सगळे "मामा" म्हणतात, घरधनिणीला "मावशी" किंवा "मामी". डोंगरांत फिरणाऱ्यांची ही जुनी रीति आहे आणि ती गोड आहे. पण नातें तोंडानें जोडणें सोपें आणि अंगानें निभावणें अवघड. एखादा पाहुणा घामानें चिकटलेलें अंग पाहून विचारतो, "मावशी, आंघोळीला गरम पाणी मिळेल का?" मावशी चुलीपुढून म्हणते, "मिळंल की. पण हंडा भराया कोन येतंय माझ्यासंगं?" सगळे हसतात. त्यांतली एखादी मुलगी खरोखरच उठून कळशी उचलते आणि तिच्यामागून जाते. परत येते तेव्हां ती गप्प असते, आणि आंघोळीचा विषय पुन्हां निघत नाहीं.

पाण्याचा हा प्रश्न शहरी माणसाला कोड्यांत टाकतो. लोणावळ्याच्या परिसरांत वर्षाकांठीं 4,000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलुखांत चैत्र-वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं पायपीट कां व्हावी? त्याचें उत्तर पायाखालच्या दगडांत आहे. सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं थंड झालेल्या लाव्ह्याचे थर म्हणजे हा सह्याद्रि. हा काळा कातळ घट्ट आहे. पाणी त्यांत फारसें मुरत नाहीं. उतार उभा आणि माती पातळ, म्हणून पडलेला पाऊस थोड्याच वेळांत ओढ्यांनीं खालीं जातो. उल्हास नदी याच डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी वसईच्या खाडीकडे जाते. वरचें पाणी खालच्या शहरांच्या उपयोगी पडतें, आणि ज्याच्या छपरावर तें कोसळतें तो उन्हाळ्यांत कोरडा राहतो. जुन्या लोकांना हें ठाऊक होतें. म्हणूनच दोन्ही बालेकिल्ल्यांवर कातळांत टांकीं खोदलेलीं आहेत, आणि गांवाजवळ तलाव बांधून त्याच्या कांठीं शंकराचें देऊळ उभारलेलें आहे. त्या टांक्यांत साबण लावून अंग धुणाऱ्या पाहुण्याला आपण नेमकें काय नासवीत आहोंत, याची कल्पना बहुधा नसते.

रात्रीच्या जेवणाचेंहि तसेंच. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलें, मिरचीचा ठेचा आणि वाफाळलेला भात. भूक लागलेली असल्यामुळें हें जेवण मेजवानीसारखें लागतें, आणि मंडळी त्याची मनसोक्त स्तुति करते. पण बारा माणसांच्या जेवणाचें पीठ दळून आणावें लागतें, तेल-मीठ खालून आणावें लागतें, सरपण रानांतून यावें लागतें. म्हणून आठ दिवस आधीं निरोप धाडणें, सांगितलें तितकींच माणसें नेणें, आणि मोबदला घासाघीस न करतां देणें हा शिष्टाचार नव्हे, साधा न्याय आहे. "मामा" म्हणून हांक मारली म्हणजे जेवण फुकट किंवा निम्म्या दरांत मिळावें, असें मानणारे भाचे मामाला परवडत नाहींत. आणि बारा म्हणून कळवून ऐनवेळीं पांचच गेले, तर शिजलेल्या अन्नाचें काय होतें याचा हिशोब शहरांत कोणी करीत नाहीं. गांवांत तो दुसऱ्या दिवशींहि करावा लागतो.

पाहुण्यांची गर्दी कशी होते याचें एक ठळक उदाहरण उधेवाडीच्या परिसरांतच पाहावयास मिळतें. मे महिन्याच्या अखेरीपासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत या रानांतलीं झाडें काजव्यांनीं भरून जातात. एका झाडावरचे हजारों काजवे एकाच तालांत उजळतात आणि विझतात. सारें झाड श्वास घेत आहे असें वाटतें. हें दृश्य पाहण्यासाठीं आतां त्या आठवड्यांत माणसांची रीघ लागते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग अळीच्या रूपांत, जमिनीशीं जातो. पंख फुटल्यावर त्यास थोडेच दिवस लाभतात, आणि तेवढ्यांत प्रकाशाच्या उघडझांपेनें नरानें मादीला आपला ठाव सांगावयाचा असतो. मोटारींचे दिवे आणि हातांतल्या विजेऱ्या यांच्या झगझगाटांत ती खूण हरवते, आणि वाट सोडून रानांत शिरणाऱ्यांच्या पायांखालीं पुढच्या वर्षींचे काजवे चिरडले जातात. पाहणाऱ्यांच्या गर्दीनेंच पाहावयाची वस्तु नाहींशी व्हावी, असा हा प्रकार आहे. तरी गर्दी नको असें गांवकऱ्यांनीं सरसकट म्हणावें, ही अपेक्षाहि खरी नाहीं. त्या आठवड्यांत दोन पैसे हातीं येतात, एखाद्या मुलाची फी भरली जाते, गांवांतल्या तरुणाला वाटाड्याचें काम मिळतें. प्रश्न पाहुण्यांनीं यावें कीं नाहीं असा नसून, किती यावें आणि आल्यावर कसें वागावें, असा आहे. आणि त्याचा निर्णय गांवाच्या विचारानें झाला तरच तो टिकेल.

रस्त्याबद्दलहि असेंच आहे. लोणावळ्याच्या बाजूनें आतां चारचाकी गाड्याहि उधेवाडीपर्यंत पोचतात. पूर्वीं पायीं आलेले जुने फिरस्ते यावर हळहळतात. रस्ता झाला, मौज गेली, असें ते म्हणतात. त्यांच्या हळहळींत खोटें कांहीं नाहीं. पायवाटेवरचें एकांत सुख मोटारीच्या धुळींत राहत नाहीं हें खरेंच. पण रस्ता नसलेल्या डोंगरी गांवांत आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला झोळींत घालून, बांबूच्या दोन टोकांना खांदा देऊन खालीं आणावें लागतें. पावसाळ्यांत ओढे फुगलेले असतांना तेंहि साधत नाहीं. शहरांतल्या पाहुण्यानें रस्त्याबद्दल खेद दाखविल्यावर अशा गांवांतला एखादा म्हातारा शांतपणें विचारतो, "तुमच्या दारी रस्ता झाला तवा तुमच्या घरचं कुनी रडलं व्हतं का?" या प्रश्नाला उत्तर नाहीं. ज्या चढाचें दोन दिवस कौतुक वाटतें तोच चढ वर्षाचे उरलेले दिवस कोणाच्या तरी गुडघ्यांत दुखत असतो. पायीं चालण्याची हौस ज्याला आहे त्याला कोंदिवड्याची वाट अजून मोकळी आहे. ती त्यानें खुशाल चालावी. दुसऱ्यानें मात्र रुग्णाला खांद्यावर घेऊनच ती उतरावी, असें म्हणण्याचा अधिकार त्याला पोचत नाहीं.

रविवारीं पहांटे मंडळी श्रीवर्धनावर चढते. चिलखती बुरुजावरून पूर्वेचा पठारी मुलूख आणि पश्चिमेची दरी एकाच नजरेंत येतात, आणि उजाडतां उजाडतां घाटांतून जाणाऱ्या गाडीची शीळ वाऱ्यावरून ऐकूं येते. उतरून न्याहारी झाली कीं पिशव्या पुन्हां पाठीवर चढतात. निघण्यापूर्वीं करावयाचीं कामें थोडीं आहेत, पण तींच राहून जातात. आपण आणलेले कागद, बाटल्या आणि डबे मोजून परत न्यावेत. गांवांत कचऱ्याची गाडी येत नाहीं. फोटो घेण्यापूर्वीं विचारावें. अंगणांत दळीत बसलेली बाई ही देखावा नव्हे. मुलांना गोळ्या वांटून त्यांना हात पसरावयास शिकवूं नये. कांहीं द्यावेंसें वाटलें तर शाळेंतल्या गुरुजींना काय हवें तें विचारून पुढच्या खेपेस आणावें. शहरांतले जुने कपडे गांठोडें बांधून आणण्यापेक्षां, शहरांतल्या रुग्णालयांत गांवचा माणूस आला असतां त्याच्याबरोबर अर्धा दिवस उभें राहणें शतपटीनें उपयोगाचें आहे. तेथें त्याला सारेंच दुर्गम असतें : खिडक्या, रांगा, इंग्रजींतले कागद, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पाठविणारीं माणसें. डोंगरांत ज्यानें हात धरून कातळ उतरविला, त्याचा हात धरून त्या इमारतीचे जिने चढविणें हें भाच्याचें काम आहे. त्यासाठीं शहरांतला आपला पत्ता मात्र मामाजवळ लिहून ठेवलेला असावा.

जीं मंडळी एकाच गांवीं दरवर्षीं जातात, त्यांच्या बाबतींत हें हळूहळू आपोआप घडतें. पहिल्या वर्षीं ते पाहुणे असतात; दुसऱ्या वर्षीं नांवानें ओळखले जातात; पुढें कधीं लग्नाचें बोलावणें येतें, कधीं "पोराला तिकडं कामाचं बघा" असा निरोप येतो. नवनवीं शिखरें मोजीत फिरण्यांत एक आनंद आहे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. पण ज्याला सह्याद्रीची खरी ओळख करून घ्यावयाची असेल त्यानें वर्षांतून एक शनिवार-रविवार तरी एकाच गांवासाठीं राखून ठेवावा. मनरंजनाचा तट दर वर्षीं तोच दिसेल. अंगणांतलीं मुलें मात्र दर खेपेस वाढलेलीं दिसतील, आणि चुलीपुढची मावशी आंत वांकून पाहणाऱ्याला सांगेल, "कळशी तितंच हाय, जागा ठावं हाय न्हवं?"